बर्फाच्या गावाला आठ जण

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी टोकियोहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मोदक दाखवून झाले, आरास दाखवून झाली, शेजारच्या काकूंनी आणलेलं दूर्वांचं तोरण दाखवून झालं. मग ती म्हणाली, "आई, यंदा तुम्ही सगळे इकडं या. पोरांना बर्फ दाखवू, स्की शिकवू." पोरं म्हणजे तिच्या भावाची, माझी नातवंडं. थोरला दहा वर्षांचा, धाकटी सहाची. ती मागं उभी राहून ऐकतच होती. फोन बंद व्हायच्या आत धाकटीनं चटईवर घसरायला सुरुवातसुद्धा केली.

तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा कागद जास्त असतात. नकाशे, दराचे तक्ते, बँकेचे उतारे आणि त्यावर आमटीचे डाग.

आमच्या घराची थोडी ओळख करून देते, म्हणजे पुढचा घोळ समजेल. मी शहापूरची, मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. आमचे 'हे' बैलहोंगलचे, घरची भाषा कन्नड. आता आमच्याकडं कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत संपलं, हे कुणी बघत नाही. सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणतं. त्यांचं वय ७८. नातवंडं मला आजी म्हणतात आणि त्यांना अज्जी. नवख्या पाहुण्याला दोन्ही एकच ऐकू येतं, मुलं मात्र कधी चुकत नाहीत. लाडू हवा असला की अज्जी, गृहपाठ अडला की आजी.

त्या रात्री मी वहीत नावं लिहिली. आम्ही दोघं, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि तिकडची लेक. सात जण. अव्वा तेवढे दिवस बैलहोंगलला नणंदेकडं राहतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. अव्वांनाही नाही. कारण तयार होतं. काही वर्षांपूर्वी बद्रीनाथला गेलो होतो, तेव्हा त्यांना रात्रभर धाप लागली होती. आम्ही सगळेच घाबरलो होतो. डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं, आता फार उंचावर नको. बर्फ म्हणजे डोंगर, डोंगर म्हणजे उंची, तेव्हा अव्वा नकोत. गुडघेही दुखतातच. एवढं साधं गणित, त्यात विचारायचं काय?

मग कुठं जायचं याचा शोध सुरू झाला. लेकीनं पहिलं नाव काढलं ते निसेकोचं. हे होक्काइदोवर, म्हणजे जपानच्या अगदी उत्तरेच्या मोठ्या बेटावर. निसेको आन्नुपुरी नावाच्या १३०८ मीटर उंचीच्या डोंगरावर चार बाजूंना चार स्की रिसॉर्ट आहेत. समोर योतेई हा १८९८ मीटरचा ज्वालामुखी, आकार असा की लोक त्याला तिकडचा फुजी म्हणतात. बर्फ हलका, पिठासारखा, मुठीत दाबला तरी गोळा होणार नाही असा. ऑस्ट्रेलियातले लोक तर तिथं आपल्याकडचे लोक गोव्याला जातात तसे जातात, त्यामुळं इंग्रजीची अडचण नाही. पण त्यामुळंच भावही तसेच. एका माणसाचा एका दिवसाचा लिफ्टचा पास दहा हजार येनच्या वर. शंभर येन म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये धरा आणि सातानं गुणा. शिवाय टोकियोहून पुन्हा विमान आणि विमानतळावरून पुढं दोन-तीन तास बस. यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "एष्ट?" मी आकडा सांगितला. चष्मा परत खाली आला. निसेकोवर फुली.

दुसरं नाव युझावा. हे अगदी उलट टोक. टोकियोहून शिन्कान्सेननं सव्वा-दीड तासाच्या आत पोचायचं. गाला युझावा हे स्टेशन १९९० च्या डिसेंबरात मुद्दाम स्कीसाठीच बांधलं. गाडीतून उतरलं की स्टेशनच्या इमारतीतच बूट, स्की, कपडे भाड्यानं मिळतात आणि तिथूनच गोंडोलानं वर जायचं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ज्यांना यासुनारी कावाबाता ठाऊक असतील, त्यांना युझावा ओळखीचं असेल. त्यांची बर्फाच्या प्रदेशावरची कादंबरी इथंच घडते. १९६८ साली त्यांना नोबेल मिळालं. मी ती पुस्तकपेढीतून आणून इंग्रजीतून वाचली होती, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला कथेपेक्षा थंडीच जास्त कळली.

याच युझावाच्या निमित्तानं मला एक कोडं पडलं. टोकियोत हिवाळ्यात लख्ख ऊन असतं, आकाश निळं. गाडी डोंगराखालच्या बोगद्यात शिरते, बावीस किलोमीटरचा बोगदा आहे तो, आणि पलीकडं निघते तर घरांच्या छपरांवर पुरुषभर बर्फ. असं कसं? नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकात उत्तर सापडलं. सायबेरियातून कोरडे, गार वारे निघतात. जपानच्या समुद्रावरून येताना ते पाणी पितात, कारण त्या समुद्रात दक्षिणेकडून येणारा कोमट प्रवाह आहे. मग समोर डोंगर आडवा येतो, वारा वर चढतो, आणि सगळं ओझं बर्फ होऊन तिथंच टाकतो. पलीकडं टोकियोला पोचतो तो पुन्हा कोरडाच. मी नातवाला म्हटलं, अरे, हे तर आपलंच! अरबी समुद्राचा वारा सह्याद्रीवर चढतो, आंबोलीत आणि कणकुंबीत धो धो ओततो, बेळगावात रिमझिम उरते, आणि गोकाक-अथणीकडं लोक आभाळाकडं बघत बसतात. तो पट्टकन म्हणाला, "म्हणजे टोकियो म्हणजे अथणी?" गुण द्यावेत असं उत्तर होतं.

पण या भूगोलानं माझी पंचाईत केली. बर्फ जर उंचीमुळं नाही, वाऱ्यामुळं पडतो, तर मग उंची किती? मी तिसऱ्या गावाचा कागद काढला. नोझावा ओन्सेन. नागानो प्रांतातलं जुनं गाव, ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे. १९९८ साली नागानोत हिवाळी ऑलिंपिक झालं, त्यातली बायथलॉनची स्पर्धा याच गावात झाली होती. इथली स्कीची उतरण वर १६५० मीटरपर्यंत जाते. पण गाव स्वतः ५६० मीटरच्या आसपास. आणि आपलं बेळगाव? साडेसातशे मीटर.

म्हणजे जपानातलं बर्फाचं गाव आमच्या घराच्या ओट्यापेक्षा खाली आहे! आमच्या यांचं टुमणं चालू होतं, की बर्फच बघायचा तर गुलमर्ग काय वाईट आहे, आपल्या देशातलं, खर्च निम्मा. त्यांना मी तोच कागद दाखवला. गुलमर्ग साडेसव्वीसशे मीटरवर, तिथला वरचा गोंडोला तर चार हजारांच्या जवळ नेतो. सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? पण श्वासाचा त्रास असलेल्या माणसाला घेऊन गुलमर्गपेक्षा नोझावा बरं. हे बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाला घेऊन. म्हणजे अव्वांना घेऊन. वहीत तर त्यांचं नाव नव्हतं.

आम्ही डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्तदाब बघितला, पट्टी काढली, उंचीचा आकडा दोनदा विचारला आणि म्हणाले, "न्यायला हरकत नाही. थंडीपासून जपा आणि घसरू देऊ नका." संध्याकाळी मी अव्वांच्या खोलीत गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विषय काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "नन्न बिट्टु होग्री. बैलहोंगलला फोन केलाय मी. लेक न्यायला येणार हाय."

त्यांना सगळं ठाऊक होतं. मी वही टेबलावर उघडी टाकत होते आणि अव्वांना कन्नड-मराठी दोन्ही वाचता येतं. सात नावं त्यांनी कधीच मोजली होती. आणि बैलहोंगलचा बेत मी सांगायच्या आत त्यांनीच करून टाकला होता, मला अवघड वाटायला नको म्हणून. मी तिथंच बसले आणि शेंगा फोडायला लागले. दुसरं काय करणार?

बरीच मनधरणी केली. उंचीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं सांगितलं. नोझावात गावकऱ्यांनी सांभाळलेली तेरा न्हाणीघरं आहेत, कुणीही जाऊन आंघोळ करावी अशी. गुडघ्यांना किती बरं वाटेल! गुडघ्यांचं नाव काढल्यावर त्या जरा वळल्या. तेवढ्यात धाकटी आली धावत. तिनं आईच्या मोबाइलवर कुठलीशी चित्रफीत बघितली होती. "अज्जी, तुला तिथं आंघोळ नाही करता येणार! हातावर चित्र असलं की आत घेत नाहीत!"

अव्वांच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. हच्चे. उजव्या हातावर ठिपक्यांची वेल आणि विंचू, डाव्या मनगटावर कन्नड अक्षरांत त्यांच्या आईचं नाव. नऊ वर्षांच्या असताना सौंदत्तीच्या जत्रेत त्यांच्या आईनं मांडीवर धरून काढून घेतलेलं. दोन दिवस हात सुजला होता म्हणे. पुढच्याच वर्षी आई गेली. अव्वा लिहायला शिकल्या त्या आधी मनगटावरची ही अक्षरं गिरवूनच.

पोरीची बातमी खोटी नव्हती. जपानात पुष्कळ ठिकाणी गोंदण असलेल्या माणसाला सार्वजनिक न्हाणीत घेत नाहीत. जुन्या काळी तिथं गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदत, आणि पुढं अंगभर चित्रं काढून घेणं ही याकुझा टोळ्यांची खूण झाली. १८७२ पासून १९४८ पर्यंत तर गोंदण्यावर कायद्यानंच बंदी होती. २०१५ साली जपानच्या पर्यटन विभागानं हॉटेलं आणि धर्मशाळांची पाहणी केली, त्यात ५६ टक्के ठिकाणं नकार देणारी निघाली, ३१ टक्के परवानगी देणारी, आणि १३ टक्के 'झाकून या' म्हणणारी. अव्वांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी काय दरोडेखोर हाय?"

मुलानं तोडगा काढला. कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या लावल्या की झालं. अव्वांनी मनगट पदराखाली घेतलं. "आईचं नाव झाकून आंघोळ करू? ब्याडव्वा." आणि शेंगांची पाटी उचलून आत गेल्या. त्या रात्री घरात कुणी स्कीचं नाव काढलं नाही.

मग मी आपला जुना मास्तरकीचा मार्ग धरला, वाचायला बसले. वाचता वाचता पुन्हा होक्काइदोला पोचले, जिच्यावर मी फुली मारली होती. तिथले मूळ रहिवासी आयनू. निसेको, साप्पोरो ही नावंसुद्धा मुळात आयनू भाषेतली, जपानी लिपीत बसवलेली. त्या लोकांच्या बायका ओठांभोवती आणि हातांवर गोंदून घेत. मुलगी वयात येईपर्यंत ते थोडं थोडं पुरं करत. १८७१ मध्ये सरकारनं ते बंद करायला लावलं. भाषाही शाळांतून मागं पडली, ती बोलणारे फार थोडे उरले. २००८ साली जपानच्या संसदेनं आयनूंना मूळनिवासी मानणारा ठराव केला, २०१९ मध्ये तसा कायदा आला. आणि मधे २०१३ साली असं झालं, की न्यूझीलंडची एक माओरी बाई त्याच होक्काइदोवर मूळनिवासींच्या भाषांवरच्या परिषदेला आली होती. तिच्या हनुवटीवर परंपरेचं गोंदण. तिला तिथल्या एका न्हाणीघरात प्रवेश नाकारला. जपानी वर्तमानपत्रांत त्यावर खूप चर्चा झाली, आणि पर्यटन विभागाची ती पाहणी त्यानंतरचीच.

हे मी अव्वांना दुपारी वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्येंच्यात बी हच्चे होतं?" होतं, म्हटलं. "आईच काढून देत होती?" आई, नाहीतर आजी, मी म्हटलं. त्यांनी मनगट बघितलं आणि म्हणाल्या, "मग त्यांना ठावं असंल." कुणाला काय ठावं असेल, हे मी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी बैलहोंगलला फोन करून त्यांनी नणंदेला सांगितलं, की गाडी पाठवू नकोस.

पुढचं काम लेकीवर पडलं. तिला आम्ही सांगितलं, आता राहायची जागा अव्वांच्या हिशेबानं शोध. कुठल्या घराच्या मालकीची वेगळी न्हाणी आहे, जी एका कुटुंबाला तासभर राखून मिळते? तिकडं त्याला काशिकिरी म्हणतात. दार लावून घेतलं की आत कुणाच्या हातावर काय आहे, हे बघणारं कुणी नाही. पट्टीही नको. झोपायला पलंग हवा, कारण चटयांवर अंथरलेल्या गादीवरून अव्वांना उठवायला दोन माणसं लागतील. आणि छोटं का होईना, स्वयंपाकघर हवं.

स्वयंपाकघराचं कारण शाकाहारी घरांनी नीट ऐकावं. जपानात भाजीच्या सुपातसुद्धा दाशी असतं, म्हणजे बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क. दिसत नाही, वासानं आपल्याला कळत नाही. 'मांस नको' म्हटलं की ते मान डोलावतात आणि मिसोचं सूप आणून ठेवतात, कारण त्यांच्या लेखी ते मांस नाहीच. नागानोत बकव्हीटच्या शेवया प्रसिद्ध आहेत, पण ज्यात बुडवून खायच्या त्या पाण्यात पुन्हा दाशी. त्यातल्या त्यात ओयाकी बरं. पिठाच्या गोळ्यात भाजी भरून भाजलेलं किंवा वाफवलेलं, आपला कडबूच म्हणा ना, फक्त तिखट. पण आत काय भरलंय ते विचारून घ्यावं. नोझावाची म्हणून एक पाल्याची भाजी आहे, तिचं लोणचं घालतात. बाकी डाळ, पीठ, मसाला लेक निशिकासाईहून आणणार. टोकियोच्या एदोगावा भागातली ही वस्ती म्हणजे आपल्या लोकांचं दुसरं गाव. मराठी माणूस योगेंद्र पुराणिक २०१९ साली तिथल्या स्थानिक सभेवर निवडून आले, यावरून ओळखा. इथून नेताना मात्र सांभाळून. ताजी भाजी, फळं, कढीपत्ता, मिरच्या, मांसाचं काहीही नेऊ देत नाहीत. मी फक्त शेंगदाण्याची चटणी आणि चकल्या नेणार आहे. औषधांचेही नियम आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराची नेता येतात, पण सर्दीच्या काही गोळ्यांतले घटक तिथं चालत नाहीत. चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या आणि गोळ्या मूळ पाकिटात ठेवा.

कधी जायचं, हा वाद सर्वांत कमी चालला. बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत चांगला, हे खरं. १५ जानेवारीला नोझावात दोसोजिनचा अग्नीचा उत्सव होतो. दोसोजिन म्हणजे वेशीवरचा देव, वाटसरूंचा राखणदार. गावातले ४२ वर्षांचे पुरुष लाकडी मचाणावर चढून बसतात, २५ वर्षांचे खाली उभे राहून राखण करतात आणि बाकीचे पेटत्या चुडी घेऊन ते जाळायला धावतात. ही दोन्ही वयं तिथं अवघड मानतात. आपल्या संक्रांतीच्या सुमारास त्यांची होळी! बघावंसं फार वाटलं. पण गर्दी अफाट, थंडी कडक, आणि पोरांची शाळा. म्हणून परीक्षा संपल्या की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं. तेव्हा गावात बर्फ विरळ असेल, पण वरच्या उतारांवर तो पुष्कळ टिकतो, आणि टोकियोत चेरीला बहर येतो. दुपारी बर्फ पातळ होतो, तेव्हा शिकायचं ते सकाळी.

स्कीविषयी मी काय सांगणार? वर्गात शिकवायचं आणि वहीवर लाल रेघ मारायची, एवढीच माझी कसरत. पण एवढं कळलंय, की नवशिक्यानं घरच्या माणसाकडून शिकू नये, प्रशिक्षकाकडूनच शिकावं. इंग्रजी बोलणारे तिथं मिळतात. पहिल्या दिवशी पोरांना पुढची टोकं जुळवून थांबायला शिकवतात, त्याला म्हणे 'पिझ्झा' म्हणतात, म्हणून थोरला आत्तापासून घरात पिझ्झा करत फिरतोय. जपान्यांनाही हे बाहेरूनच आलं. १९११ च्या जानेवारीत थिओडोर फॉन लेर्ख नावाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्यानं नोझावापासून फार लांब नसलेल्या ताकादा इथं सैनिकांना पहिले धडे दिले, तेही हातात एकच लांब काठी घेऊन. 'हे' म्हणतात, एकच काठी असेल तर मला जमेल. मी त्यांच्यासाठी प्रवासाचा विमा काढला, त्यात स्कीचा अपघात धरलाय की नाही हे बारीक अक्षरात वाचून. पुष्कळ साध्या विम्यात तो नसतो. दोरी बांधलेल्या हद्दीपलीकडं कुणी जायचं नाही, हा नियम यांच्यासकट सर्वांना.

अव्वांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. नोझावात गावातून उतारापर्यंत वर नेणारी सरकती वाट आहे, चढावं लागत नाही. गोंडोलात बसून वर जायचं, बर्फ बघायचा, हात लावायचा, खाली यायचं. सामान एक दिवस आधी कुरिअरनं पुढं पाठवता येतं, तिथली ही सेवा एवढी चोख की लोक सुटकेस हातात धरून गाडीत चढतच नाहीत. म्हणजे प्रवासात आमच्या हातात फक्त अव्वांचा हात. टोकियोहून शिन्कान्सेननं इइयामाला पावणेदोन तास, पुढं बस साधारण पंचवीस मिनिटं. रेल्वेच्या सवलतीच्या पासाच्या मागं लागू नका. २०२३ च्या ऑक्टोबरात सात दिवसांच्या पासाचा दर २९,६५० येनवरून ५०,००० केला, आमच्यासारख्या एका फेरीला साधी तिकिटंच स्वस्त पडतात.

कागदपत्रांनी मात्र जीव खाल्ला. व्हिसाचा अर्ज आम्हाला बेंगळूरकडून करायचा. लेकीशी नातं दाखवायला तिचा जन्मदाखला कन्नडात, शाळेचा दाखला मराठीत, आणि तिकडच्यांना हवं इंग्रजीत. अव्वांचं आडनाव आधारवर एक तऱ्हेनं, बँकेत दुसऱ्या, आणि १९६० च्या सुमाराच्या शाळेच्या पटावर तिसऱ्याच तऱ्हेनं लिहिलेलं. दोष कुणाचाच नाही. ज्यानं ज्या लिपीत ऐकलं, त्यानं तसं लिहिलं. तीन आठवडे आणि एक प्रतिज्ञापत्र गेलं, पण पासपोर्ट आला. त्यावर त्यांचा फोटो आहे, अगदी गंभीर. आयुष्यातला पहिला पासपोर्ट, ७८ व्या वर्षी.

खर्चाचं इथं सगळं मांडत बसत नाही. माझ्या निवृत्तीच्या पैशातली एक ठेव मोडली. यांनी नवीन गाडीचा विचार पुढं ढकलला. सून म्हणाली, दागिने नाही केले यंदा तर काय बिघडलं?

परवा लेकीनं दोन जागा पसंत करून चित्रं पाठवली. दोन्हीकडं राखीव न्हाणी. एक मोठी, दगडी, बाहेर बर्फ दिसेल अशी. दुसरी लहान, लाकडी, आडोशाची. आम्हा सगळ्यांना पहिली आवडली. अव्वांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, परत लहान केलं, आणि नातीला विचारलं, "आतून कडी हाय का बघ."

लेकीनं दोन्ही घरांना पत्र लिहिलं. काय लिहिलं असेल जपानीत, देव जाणे. पहिल्याचं उत्तर आलं, की दाराला कडी नाही, बाहेर 'आत माणसं आहेत' अशी पाटी लावतात. दुसऱ्या घराच्या मालकीणबाईंनी लिहिलं, आतून लाकडी अडणा आहे, आणि पाणी फार कढत वाटलं तर गार पाण्याचा नळ डाव्या हाताला आहे.

दुसरं घर घेतलं. आठ जणांचं.